नैराश्याचे आकडे आणि आपले ‘बरं चाललंय’

मंडळी, मी डॉक्टर नाही. शिक्षणाने इंजिनिअर, आणि पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. तरीही आरोग्याच्या पानावर लिहायला बसलो आहे, कारण तीन हिवाळ्यांपूर्वी मला नैराश्याचा आजार झाला आणि तो आजार आहे हे माझे मलाच कळायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत मंडळाचे दिवाळी फराळ झाले, संक्रांतीचे तिळगूळ झाले. तुमच्यापैकी अनेक जण भेटले. ‘काय, कसं काय?’ असे विचारलेत, आणि मी प्रत्येक वेळी ‘बरं चाललंय’ असेच सांगितले.

प्रत्यक्षात पहाटे चारला झोप उडत असे. तीन वर्षे स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम परक्या भाषेतला वाटायचा. मुलीवर उगाच खेकसायचो. डोके जड, पाठ धरलेली, पित्त तर रोजचेच. पित्तासाठी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी माझ्या हातात एक कागद दिला. त्यावर नऊ प्रश्न होते. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला? अजिबात नाही असेल तर शून्य, जवळजवळ रोज असेल तर तीन. मी बाहेर बसून दोन मिनिटांत कागद भरला. बेरीज आली ६. म्हणजे सौम्य, काळजीचे कारण नाही.

संध्याकाळी तोच कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडलेला बायकोने पाहिला. तिने प्रश्न मराठीतून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “कशातच रस वाटत नाही, असं किती दिवस?” मी म्हणालो, “काही दिवस.” ती म्हणाली, “काही दिवस? अरे, दसऱ्यापासून तू पेटी उघडलेली नाहीस.” पुढचा प्रश्न झोपेचा. तो तर तिला विचारावाही लागला नाही, कारण पहाटे चारला तीही जागी असायची. नऊ प्रश्न संपले तेव्हा बेरीज झाली होती १७. मध्यम ते तीव्र, उपचार आवश्यक.

कागद तोच, माणूस तोच, दिवसही तोच. सकाळी ६ आणि संध्याकाळी १७! एकाच मापकयंत्राची दोन मापे इतकी वेगळी आली, तर इंजिनिअर आधी यंत्राकडे पाहतो, मग माप घेण्याच्या पद्धतीकडे. बरा होत असताना मी हाच प्रश्न मोठ्या आकड्यांना विचारून पाहिला. कोणत्या समाजात नैराश्य किती, हे मोजतात कसे? आणि त्यात आपण कुठे बसतो?

भारतात पाच, हॉलंडमध्ये एकोणीस

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली भारतातील १२ राज्यांत मानसिक आरोग्याची मोठी पाहणी केली. (या बारांत महाराष्ट्र नव्हता.) आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याचा आजार झालेले प्रौढ शंभरात साधारण ५ निघाले. इकडे उट्रेख्तच्या ट्रिम्बोस संस्थेची ‘नेमेसिस’ नावाची राष्ट्रीय पाहणी १९९६ पासून टप्प्याटप्प्याने चालत आली आहे. तिच्या २००७ ते २००९ च्या फेरीत हाच आकडा शंभरात जवळजवळ १९ होता.

हे वाचून पहिल्यांदा मलाही बरे वाटले, खोटे कशाला सांगू? आपली एकत्र कुटुंबे, सणवार, देवधर्म, नात्यागोत्याचा आधार. गोऱ्यांना हे नाही, म्हणून त्यांना नैराश्य येते. आपण सुरक्षित आहोत. गप्पांच्या बैठकीत हे वाक्य मी स्वतः बोललेलो आहे.

पण त्याच भारतीय पाहणीचा दुसरा आकडा वाचा. नैराश्य असलेल्या शंभर जणांपैकी सुमारे ८५ जणांना कोणताही उपचार मिळालेला नव्हता. जिथे उपचार नाही, तिथे आजाराला नाव नाही. आणि ज्याला नावच नाही ते वीस वर्षांनी पाहणी करणाऱ्याला आठवून सांगणार तरी कसे? शिवाय दोन्ही देशांतल्या पाहण्यांच्या प्रश्नावल्या वेगळ्या होत्या. मीटरने मोजलेले आणि वावांनी मोजलेले शेजारी ठेवून कोण उंच ते ठरवता येत नाही.

अॅम्स्टरडॅममध्ये एकाच पट्टीने मोजले तेव्हा

एकाच शहरात, एकाच काळात, एकाच प्रश्नावलीने निरनिराळे समाज मोजले तर काय दिसेल? सुदैवाने हे काम आपल्या दाराशीच झाले आहे. अॅम्स्टरडॅमचे विद्यापीठ रुग्णालय आणि शहराचे आरोग्य खाते यांनी मिळून ‘हेलियस’ नावाचा अभ्यास हाती घेतला. २०११ ते २०१५ या काळात १८ ते ७० वयाचे २४ हजारांहून अधिक रहिवासी त्यात सामील झाले. त्यांचे सहा गट होते : डच, तुर्की, मोरोक्कन, घानाचे, आफ्रिकी वंशाचे सुरिनामी आणि भारतीय वंशाचे सुरिनामी.

हा शेवटचा गट म्हणजे इथले हिंदुस्तानी. कलकत्त्याहून निघालेले ‘लल्ला रुख’ जहाज ५ जून १८७३ रोजी सुरिनामला पोचले, आणि १९१६ पर्यंत ३४ हजारांवर मजूर करारावर तिकडे गेले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. १९७५ साली सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास त्यांच्यातले पुष्कळ जण हॉलंडला आले आणि विशेष करून हेगमध्ये स्थिरावले. आपण हेगला ज्यांच्या दुकानात भेंडी आणि कढीपत्ता घेतो, तीच ही मंडळी. एकत्र कुटुंब, सण, देवधर्म, सगळे त्यांच्याकडे आहेच.

हेलियसमध्ये नैराश्य मोजले ते माझ्या हातात पडलेल्या त्याच नऊ प्रश्नांनी. निष्कर्ष काय? नैराश्याची ठळक लक्षणे असलेल्यांचे प्रमाण डच गटात सर्वांत कमी आढळले. तुर्की, मोरोक्कन आणि हिंदुस्तानी गटांत ते डच गटाच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक होते. आफ्रिकी सुरिनामी आणि घानाचे लोक मध्ये कुठेतरी होते.

येथे कोणी म्हणेल, प्रश्न पाश्चात्त्य, उत्तरे पौर्वात्य. मापच चुकले असेल. ही शंका संशोधकांनाही आली होती. हे नऊ प्रश्न सहाही गटांत एकच गोष्ट मोजतात का, हे त्यांनी वेगळे तपासले आणि २०१७ साली निष्कर्ष मांडला की तुलना करायला हरकत नाही. ज्यांना कागद स्वतः भरणे जमेना, त्यांना त्यांच्याच समाजातला प्रशिक्षित मदतनीस दिला जात असे. हे वाचताना मला आमचे स्वयंपाकघर आठवले. दोष कागदाचा नव्हता. सकाळी बाहेरच्या खुर्चीवर बसून मी तोच जुना ‘बरं चाललंय’ लिहून दिला होता.

एका टोपलीत घातले की हरवते

आणखी एक गंमत पाहा. २००४ च्या सुमारास अॅम्स्टरडॅममध्येच एक लहान अभ्यास झाला होता. त्यात नैराश्य किंवा चिंताविकार असलेल्यांचे प्रमाण तुर्की गटात शंभरात १९ च्या जवळपास होते, तर सुरिनाम-अँटिलिसकडून आलेल्यांत अवघे एक-दोन! पण तिथे सर्व सुरिनामी लोक, अँटिलिसच्या बेटांवरच्या लोकांसह, एकाच टोपलीत घातले होते. हेलियसने आफ्रिकी आणि भारतीय वंशाचे सुरिनामी वेगळे केले आणि माणसेही कितीतरी जास्त घेतली, तेव्हा वेगळेच चित्र उभे राहिले.

कमी आकडा म्हणजे कमी त्रास, असेही नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात आयुष्यात केव्हातरी नैराश्य झालेले गोरे शंभरात सुमारे १८ आणि आफ्रिकन-अमेरिकन सुमारे १० निघाले. पण एकदा आजार जडला की तो चिवटपणे टिकून राहणारे गोऱ्यांत शंभरात ३९, तर आफ्रिकन-अमेरिकनांत ५६ होते. आजार कमी जणांना होतो, पण झाला की मुक्कामच ठोकतो. आणि त्यांच्यात उपचार घेणारेही निम्म्याहून कमी.

कशामुळे धोका वाढतो?

रक्त किंवा वंश हे याचे सोपे उत्तर नाही. आधी एकदा येऊन गेलेले नैराश्य, घराण्यात असलेला आजार, जवळच्याचा मृत्यू, पैशाची ओढाताण हे सर्व समाजांना सारखेच लागू आहे. स्त्रियांत प्रमाण पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट असते, तेही बहुतेक देशांत. बाहेरून आलेल्यांच्या बाबतीत यात काही गोष्टींची भर पडते.

पहिली, भेदभाव. आपल्याला वंशावरून वेगळे वागवले जाते असे ज्यांना वारंवार जाणवते त्यांच्यात नैराश्य अधिक, असे हेलियसमध्ये दिसले. त्याच अभ्यासात काही गटांत असेही दिसले की, आपल्या समाजातले मित्र भरपूर असतील तर या जाचाची धार थोडी बोथट होते. मंडळाची वर्गणी भरताना कुरकुर करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे!

दुसरी, घरातला दाब. हेगमधल्या अभ्यासांत तरुण हिंदुस्तानी आणि तुर्की मुलींमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण त्याच वयाच्या डच मुलींपेक्षा जास्त आढळले. घराची अब्रू, लग्नाचा निर्णय, बाहेर एक आणि घरात एक असे दुहेरी जगणे ही कारणे त्यांच्याशी बोललेल्या संशोधकांनी नोंदवली आहेत. आपल्या मुली इथे वाढताहेत. ‘आमच्या घरात असलं काही नाही’ असे म्हणून हा परिच्छेद ओलांडून जाऊ नका.

तिसरी, मधुमेह. तो आपल्या भारतीय वंशाच्या लोकांत इथेही जास्त आहे, आणि मधुमेह्यांत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट असते. साखर तपासताना मनाचीही चौकशी व्हावी.

चौथी, उजेड. डिसेंबरच्या मध्यावर पुण्यात दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, अॅम्स्टरडॅममध्ये पावणेआठ तासांपेक्षा कमी. ठरावीक ऋतूत परतणाऱ्या नैराश्यावर सकाळी तेजस्वी दिव्यासमोर बसण्याचा उपचार इथे केला जातो. तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.

पाचवी हेलियसमध्ये नाही, कारण आपल्यासारख्या नोकरीवर आलेल्यांचा गटच त्यात नव्हता. आपला परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की नवी शोधायला मोजकेच महिने. घरकर्जाचा हप्ता, मुलांची शाळा, भारतात एकटे राहणारे आईवडील, सगळे त्या एका दोरीला लटकलेले. मी पाच महिने गप्प राहिलो त्याचे खरे कारण संस्कृती वगैरे नव्हते. ऑफिसात कळले तर परवाना जाईल, ही भीती होती.

भीती आणि नियम

ती भीती बहुतांशी अज्ञानातून आलेली होती. म्हणून मला उशिरा कळलेली माहिती येथे देतो.

१) आजारपणात मालकाला कायद्याने दोन वर्षांपर्यंत किमान ७० टक्के पगार द्यावा लागतो, कित्येक करारांत पहिले वर्ष पूर्ण पगार असतो. मानसिक आजारही यात आला. या दोन वर्षांत आजारी आहे म्हणून काढून टाकता येत नाही. मात्र मुदतीचा करार असेल तर तो मुदतीला संपतो, हे ध्यानात ठेवा.

२) आजार कोणता, हे मालक विचारू शकत नाही. तुम्ही बोलायचे ते बेड्रायफ्सआर्ट्सशी, म्हणजे कंपनीच्या डॉक्टरांशी. त्यांच्यावर गुप्ततेचे बंधन असते. माझ्या मॅनेजरला फक्त एवढेच कळले की, सहा आठवडे मी कामावर येणार नाही आणि नंतर अर्धा दिवस येईन.

३) सुरुवात हाउसआर्ट्सपासून करा. त्यांच्या भेटीला आयखन रिसिको, म्हणजे विम्यातला स्वतः भरायचा वाटा, लागू होत नाही. त्यांच्याच दवाखान्यात मानसिक त्रासांसाठी पीओएच-जीजीझेड नावाने ओळखला जाणारा सहायक असतो. त्याच्या भेटींनाही तो लागत नाही. पहिले तीन महिने मी तिथेच जात होतो. खर्च शून्य.

४) पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे तर हाउसआर्ट्सची चिठ्ठी लागते, आणि तेथे आयखन रिसिको लागू होतो. २०१६ पासून २०२६ पर्यंत तो किमान ३८५ युरो राहिला आहे. २०२२ पासून प्रत्येक भेटीचे बिल ज्या त्या वर्षात धरले जाते. माझे उपचार सप्टेंबरात सुरू होऊन फेब्रुवारीत संपले, त्यामुळे दोन वर्षांचे मिळून ७७० युरो भरावे लागले. ही रक्कम आधीच बाजूला काढून ठेवावी.

५) मूळ विम्यात नैराश्याचे उपचार येतात, निव्वळ नवरा-बायकोचे मतभेद किंवा कामाचा ताण येत नाही. तज्ज्ञाचा तुमच्या विमा कंपनीशी करार आहे का, ते पहिल्या भेटीआधी विचारा. करार नसेल तर काही पॉलिसींत बिलाचा काही भागच मिळतो.

६) प्रतीक्षायादी लांब असते. ठरवलेली मर्यादा नोंदणीपासून उपचार सुरू होईपर्यंत १४ आठवडे आहे. त्याहून वेळ लागत असेल तर विमा कंपनीला फोन करून दुसरीकडे जागा शोधून मागता येते. हा तुमचा हक्क आहे.

७) भारतातल्या आईवडिलांसाठी : २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तिथल्या विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचे आहे. त्यांची पॉलिसी काढून एकदा नीट वाचा.

गोव्यातला धडा

उपचार म्हणजे आयुष्यभर गोळ्या, अशी समजूत असेल तर गोव्याकडे पाहा. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्था यांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतील बऱ्यापैकी तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक प्रयोग केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांना त्याशिवाय सहा ते आठ बैठका दिल्या. त्या घेणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसे होती. बैठकीत काय, तर मन लागत नसले तरी दिवसाची छोटी कामे ठरवायची, ती करायची आणि पुन्हा भेटून त्यावर बोलायचे. तीन महिन्यांनी त्या गटातले शंभरात ६४ जण आजाराच्या रेषेखाली आले होते, दुसऱ्या गटातले ३९. मापाची पट्टी, पुन्हा तेच नऊ प्रश्न.

माझ्या इथल्या उपचारांत गोळ्याही होत्या आणि असेच कामांचे वेळापत्रकही होते. पहिल्या आठवड्याचे काम होते रोज दुपारी जेवणानंतर वीस मिनिटे कालव्याकाठी चालणे. दुसऱ्या आठवड्यात त्यात दहा मिनिटे पेटीची भर पडली. सा-रे-ग-म वाजवतानाही हात जड वाटत. महिन्याभराने मुलगी शेजारी येऊन बसू लागली.

आता काय करावे?

एका संध्याकाळी हे करा. गेल्या दोन आठवड्यांचा विचार करून या नऊ गोष्टी तपासा : कशात रस न वाटणे, उदास वाटणे, झोप बिघडणे, थकवा, भूक कमी किंवा जास्त होणे, स्वतःबद्दल हीन वाटणे, लक्ष न लागणे, हालचाली मंदावणे किंवा उलट अस्वस्थता, आणि जगणे नको असे विचार. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज १० किंवा अधिक आली तर हाउसआर्ट्सची वेळ घ्या. शेवटच्या प्रश्नाला शून्याहून काहीही आले, तर बेरीज न पाहता लगेच बोला. ११३ हा क्रमांक किंवा फुकटचा ०८००-०११३ दिवसरात्र उपलब्ध आहे, आणि जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२.

मात्र कागद एकट्याने भरू नका. आपल्याला रोज पाहणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत वाचायला सांगा, आणि त्याचे उत्तर आपल्यापेक्षा वेगळे आले तर भांडू नका. एकटे राहत असाल तर मित्राला फोनवर वाचायला सांगा. तेही जमत नसेल तर मला सांगा, मी येतो. मागच्या महिन्यात दोघांकडे गेलो होतो. चहा घेतला, कागद भरला, एकाला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात घेऊन गेलो.

पुढच्या कार्यक्रमात भेटलो की मी तुम्हाला ‘कसं काय?’ विचारणारच आहे. ‘बरं चाललंय’ म्हणालात तर लगेच पुढे ‘झोप कशी लागते?’ हेही विचारीन. तेवढा आगाऊपणा सहन करावा, आणि तुम्हीही मला तेच विचारावे.